वरची अँटेना

शेकोटीत अजून एक ओंडका सारा, पोरांनो, आणि तो रेडिओ जरा बारीक करा. उद्या रेडिओची स्पर्धा आहे, चोवीस तास लांबलांबच्या जास्तीत जास्त लोकांशी बोलायचंय, आज लवकर झोपायला हवं, हे मलाही कळतं. पण मघाशी तुम्ही दोघं केबलचं तोंड डावीकडे ठेवायचं की उजवीकडे यावरून जे हमरीतुमरीवर आलात ना, ते ऐकून मला आमचा ओल्डा आठवला. वरच्या वाडीतला. खोटं वाटलं तर त्याच्या बायकोला, व्लास्ताला, विचारा. ती आता शहरात, ऑस्ट्राव्हाला राहते. पण जीभ अजून इथलीच आहे.

तर, गेल्या जुलैमधली गोष्ट. पहिल्या शनिवारी स्पर्धा, आणि त्याआधीच्या मंगळवारी ओल्डा गाडीला ट्रेलर जोडून पलीकडच्या वाडीत लुडविकच्या घरी गेला. लुडविक स्वतः वसंतातच वारला होता. लाकडं फोडता फोडता दम खायला बसला, तो बसलाच. त्याच्या बायकोने, द्राहाने, निरोप धाडला होता की शेडमधला तो ॲल्युमिनियमचा माशाचा काटा, त्याची अँटेना, घेऊन जा, माझ्या कोंबड्या अडकतात त्यात.

अँटेना ट्रेलरवर चढवताना द्राहा म्हणाली, "तुझ्या अँटेनाच्या वर लाव हं ही. खाली लावलीस तर त्याला खपायचं नाही."

"त्याला माझं काय खपलं आजवर?" ओल्डा म्हणाला. पण मनात त्यानेही वरच लावायची ठरवलं होतं.

या नव्या पोरीसाठी सांगतो, इवेतासाठी. बाकीच्यांनो, तोवर सॉसेज परता, जळतायत. एका मनोऱ्यावर दोन सारख्या अँटेना, एक वर, एक खाली, दोघींचा रोख एकाच दिशेला. दोघींच्या केबल खाली रेडिओपाशी एका डबीत जोडायच्या. दोघी एका सुरात बोलल्या की ताकद दुप्पट. पण केबल जिथे शिरते ते तोंड दांड्याच्या एका बाजूला असतं. वरचीचं डावीकडे आणि खालचीचं उजवीकडे ठेवलंत की संपलं. एक म्हणते हो, दुसरी म्हणते नाही, आणि बेरीज शून्य. अगदी समोरची दिशाच ठार बहिरी.

"मग बरोबर कुठलं, काका? डावं की उजवं?"

दोन्ही बरोबर, बाई! दोन्ही! फक्त दोघींचं एकसारखं हवं. एवढंच. आणि एवढ्यावरून ते दोघे याच टेकडीवर भांडले. लुडविक म्हणे डावं, ओल्डा म्हणे उजवं. बालपणाचे दोस्त, पण एकही नमेना. शेवटी आपापली अँटेना काखोटीला मारून दोघे दोन वाटांनी खाली उतरले, आणि मग कित्येक वर्षं बोलणं बंद. दर जुलैला हा या वाडीत एकटी अँटेना लावून बसायचा, तो त्या वाडीत. आणि सीमेपलीकडचे पोलिश दोघांनाही धुऊन काढायचे.

आता ओल्डाचं घर विकलं गेलं होतं. सोमवारी मनोरा उतरवायला माणूस यायचा होता. पुढे ऑस्ट्राव्हातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तिथे साधी बाल्कनीसुद्धा नाही. म्हणजे ही शेवटची स्पर्धा. जन्मात एकदा तरी दोन अँटेनांनिशी खेळायचं, एवढीच त्याची इच्छा. फार मागत नव्हता बिचारा.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्याने दोन्ही चढवल्या. दोघींची तोंडं उजवीकडे. अर्थात! आता विचारायला कोण येणार होतं? रेडिओ लावला, तर एरवी डासासारखा गुणगुणणारा हंगेरीचा, दिवसरात्र चालू असणारा खुणेचा सिग्नल बैलासारखा हंबरला. ओल्डाने व्लास्ताला स्वयंपाकघरात एक गिरकी घ्यायला लावली. तिच्या हातात पिठाचं भांडं होतं.

बुधवारी सकाळी सिग्नल गायब.

त्याने केबल तपासल्या. डबी उघडली, पुन्हा डाग दिला, पुन्हा बंद केली. जोडण्या कापून नव्या केल्या. जेवण नाही, कॉफी नाही, तोंडातून नुसत्या शिव्या. दुपार टळल्यावर घाम पुसायला मान वर केली, तेव्हा दिसलं. वरची अँटेना कूस बदलून उलटी झाली होती. तोंड डावीकडे.

"वाऱ्याने फिरली," तो म्हणाला.

"कुठल्या?" व्लास्ता म्हणाली. "दोरीवरचा तुझा पायजमा हलला नाही रात्रभर."

तो चढला. नट सैल केले, अँटेना फिरवली, नट आवळले. गुरुवारी सकाळी पुन्हा डावीकडे. पुन्हा चढला. आता गुडघे सत्तरीकडे झुकलेले, एकेका पायरीला कुरकुरतात. या खेपेला त्याने पान्याला लोखंडी नळी घालून नट असे पिळले की हाताला फोड आले. खाली उतरला आणि पाना गवतात भिरकावून दिला.

"सुंभ आपण सगळ्यांनी मिळून जाळला," खिडकीतून व्लास्ता म्हणाली. "मी स्वतः फुलं वाहिली. पीळ राहिला वाटतं."

"गप्प बस!"

"मी गप्पच आहे. त्यालाच सांग काय ते."

शुक्रवारी सकाळी... डावीकडे. ओल्डाने त्या दिवशी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. मुकाट्याने चढला, फिरवली, उतरला, आणि दिवसभर बाकावर बसून वर बघत राहिला. अंधार पडेपर्यंत काही झालं नाही. हंगेरी खणखणीत येत होता. तो झोपायला गेला.

रात्री पावणेदोनला जाग आली. शुक्रवार सरून शनिवार लागलेला. माळ्यावर जाऊन त्याने रेडिओ लावला.

बहिरा.

दिवा लावायचंही त्याला सुचलं नाही. डोकं हातात धरून बसला. आणि तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला.

फू... फू...

कुणी माइकवर दोनदा फुंकर मारावी तसा. पूर्ण प्रांतात बोलण्याआधी अशी फुंकर मारणारा एकच माणूस होता. पुढे शब्द नाहीत. नुसता कुणीतरी माइक धरून बसल्याचा... श्वास.

"काका, शेजारचा कुणी चेष्टा करत असेल."

असेल ना. ओल्डालाही तेच वाटलं. पण विचार कर, इवेता. लांबून काहीही आलं तर ते दोघींवर सारखंच पडणार, आणि डबीत मरणार. हे मरत नव्हतं. रेडिओवरचा सिग्नल मोजणारा काटा शेवटच्या खुणेला टेकला होता.

त्याने खालच्या अँटेनाची केबल उपसली. आवाज तसाच.

ती परत लावली. वरचीची उपसली.

शांत.

परत लावली. फू... फू...

म्हणजे फक्त वरचीवर येत होतं. खालचीला ठाऊकच नव्हतं. चार मीटर खाली, आणि पत्ता नाही. म्हणजे जो कोणी होता, तो लांब नव्हता. तो वरच्या अँटेनाच्या... अगदी...

ओल्डाने खिडकीकडे पाहिलं नाही.

आठवडाभराचा संताप मात्र भीतीच्या आधी उसळला. त्याने माइक ओढला. "अरे गाढवा! मेलास तरी तुझंच खरं? शेवटची स्पर्धा आहे माझी! सोमवारी सगळं भंगारात जाणार! काय मिळतं रे तुला? काय मिळतं?"

श्वास थांबला.



मग ओल्डा हळू म्हणाला, "बरं. डावं तर डावं. घे."

त्याने रेडिओ तसाच ठेवला. पाना घेतला. अंगणात आला. कुत्रं पायरीखाली शिरून बसलं होतं. तो चढला. नजर पायऱ्यांवर. वर नाही. आपल्या अँटेनापाशी थांबला. आपलीच. खालची. नट सैल केला.

कट्.

वरून आवाज आला. कट्.

तो थांबला. वरचाही थांबला.

त्याने अँटेना फिरवायला घेतली. डोक्यावर लोखंड करकरलं. मानेवर काहीतरी भुरभुर पडलं. त्याने झटकलं नाही. नट आवळला. वरही... कट्... कट्... कट्...

मान वर न करता तो उतरला. माळ्यावर गेला. बसला.

रेडिओ बहिरा.

उजाडलं तेव्हा त्याने खिडकीतून पाहिलं. खालची अँटेना, त्याची स्वतःची, तोंड डावीकडे. आणि वरची...

उजवीकडे.

हसू नका रे. मीही ऐकलं तेव्हा हसलो होतो. सगळा जन्म एकही नमला नाही, आणि नमले ते एकाच रात्री, एकाच घटकेला, दोघेही.

दुपारी चारला स्पर्धा सुरू झाली. व्लास्ता कॉफी घेऊन वर आली. "अरे, वेळ आहे अजून. चढ आणि एक फिरव."

"कुठली फिरवू?" ओल्डा म्हणाला.

तिने कप ठेवला आणि खाली गेली. 

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत तो त्या बहिऱ्या जोडीपाशी बसून राहिला. पोलिशांनी फोन करून विचारलं, ओल्डा, तुझा रेडिओ जळला का? निकालात शेवटचा आला. संध्याकाळी व्लास्ताने विचारलं, "किती जणांशी बोलणं झालं?"

"एकाशी."

"काय म्हणाला?"

"काही नाही. मीच बोललो."

सोमवारी मनोरा उतरवणारा माणूस आला. तरणाबांड, ब्रनोचा, यातलं काही ठाऊक नसलेला. खालच्या अँटेनाचे नट त्याने दोन हिसक्यांत काढले. वर गेला आणि अडला. पाना निसटायला लागला. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं. शेवटी वरूनच ओरडला, "आजोबा, ही शेवटची हलवली कधी?"

"परवा," ओल्डा म्हणाला.

तो हसला. ग्राइंडर मागवला, ठिणग्या उडाल्या, आणि कापलेला तुकडा धप्पकन गवतात येऊन पडला. ओल्डाने तो उचलला. मंगळवारी त्यानेच दुकानातून नवेकोरे, चकचकीत आणले होते हे नट. आता नट कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. आतपर्यंत गंजून एकजीव झालेले.

तो पोरगा खाली उतरला, हात पुसत म्हणाला, "याला दहा-पंधरा वर्षांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही."