डावीकडचा आरसा

ग्लेनिसची गाडी माझ्या फाटकासमोर बंद पडली ती वाफेच्या ढगातच. बारीक पाऊस चालू होता, त्यामुळे आधी मला ते धुकं वाटलं. मग त्यातून लाल लोकरीची टोपी घातलेली एक बाई खाली उतरली आणि तिनं गाडीच्या चाकाला अशी लाथ मारली, की खिडकीत उभा असलेला मी दचकलो.

"झाकण उघडू नका!" मी ओरडत बाहेर आलो. "पाणी अंगावर उसळेल."

"माहीत आहे. म्हणून तर लाथेवर भागवतेय."

गाडी छोटी, गावातल्या गावात भाजी आणायच्या लायकीची. तिच्यामागे जोडलेली कॅरव्हॅन मात्र दोन खोल्यांच्या घराएवढी. गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलेलं आणि नाक आभाळाकडे. हॉरॉक्सचा घाट चढून इथवर आली हेच खूप होतं.

"हे घर या गाडीला कुणी बांधलं?" मी विचारलं.

"मीच. घर आवडलं, घेतलं. गाडी होतीच."

"म्हणजे नाल सापडली म्हणून..."

"...घोडा शोधायचा. ऐकलंय. कॅरव्हॅन पार्कातल्या प्रत्येकानं ऐकवलंय. आता तुम्हीही ऐकवलंत. चहा आहे का घरात?"

चहा होता. भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पावही होते, शेजारणीनं पाठवलेले. त्यातले बरेचसे तिनंच संपवले. खाता खाता तिची हकीकत कळली. पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म गेला. आता निवृत्त. मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, ब्रूमला असते, ऑगस्टअखेर बाळंत होणार.

"मग विमानानं जा की."

"आणि राहू कुठे? जावयाच्या सोफ्यावर? आपलं घर आपल्यामागे असलं की कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही."

"आणि नवरा?"

"आहे. पर्थला. आता दुसरीचा आहे."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून मी ते चहात लपवलं.

गाडी निवेपर्यंत ती अंगणात फिरली. शेडचं दार उघडं होतं. आत माझी पांढरी डिझेल उभी होती... उंच, जड, मोठ्या आरशांची. त्या गाडीमागे कॅरव्हॅन जोडून माझी बायको लोर्ना आणि मी पूर्वेकडचा निम्मा देश फिरलो. पश्चिमेकडचा निम्मा मी कामातून सुटल्यावर, असं ठरलं होतं. गेल्या हिवाळ्यात लोर्ना गेली. कॅरव्हॅन मी विकली. गाडी विकवली नाही.

"कितीला द्याल?" ग्लेनिसनं विचारलं.

"विकायची नाही."

"मग ठेवून करता काय?"

"आठवड्यातून एकदा चालू करतो."

"आणि?"

"आणि... बंद करतो."

वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. म्हणूनच असेल, माझ्या तोंडून निघून गेलं, "शनिवारी मी येतो तुमच्याबरोबर गाडी बघायला."

शनिवारी तिनं डबा भरून लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळलेले चॉकलेटचे केक, आणले होते. मी तिला वाटेतच समजावलं, की गाडी अमुक वजन ओढते असं सांगतात ते गाडी जवळजवळ रिकामी असताना. माणसं, सामान, पाणी भरलं की तो आकडा खाली येतो. शिवाय कॅरव्हॅनचा दांडा गाडीच्या पाठीवर भार टाकतो, तो वेगळाच.

जुन्या गाड्यांच्या पहिल्याच दुकानात लाल टायवाला पोरगा पुढे आला. "साडेतीन टन ओढते, बाई! डोळे झाकून घ्या."

"चालवूही तशीच का?" ग्लेनिस म्हणाली. "आणि पाणी भरल्यावर, सामान टाकल्यावर, हा बाप्या शेजारी बसल्यावर किती ओढते?"

पोरगा कागद शोधायला आत गेला तो बाहेर आलाच नाही. मी हसत होतो, पण कानात एकच वाक्य घोळत होतं... हा बाप्या शेजारी बसल्यावर.

पुढच्या दुकानात एका निळ्या गाडीवर ती भाळली. आत बसली, स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"पाय पोचतात?" मी विचारलं.

"मन पोचतंय."

तीही सोडली. पुढच्या शनिवारीही काही जमलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता मी शनिवारची दाढी शुक्रवारी रात्रीच करून ठेवायला लागलो होतो.

मग एका शनिवारी मेंढ्यांच्या फार्मवर करडी डिझेल मिळाली. जड, रेडिएटर मोठा, जोड भक्कम. मी गाडीखाली पाठीवर सरपटत गेलो आणि खोट शोधायला लागलो. गंज, गळती, तडा, काहीतरी. एक खोट सापडली असती तर अजून एक शनिवार मिळाला असता. लाल टोपी खाली वाकली.

"काय म्हणते?"

घाटात तिला एकटीला ही गाडी चालवायची होती. खोटं कसं बोलू?

"चांगली आहे," मी म्हणालो. "घ्या."

"एवढ्या रडव्या आवाजात?"

"डोळ्यात... माती गेलीय."

तिनं मला बाहेर यायला हात दिला. मी उभा राहिलो तरी तो लगेच सोडला नाही. "घेण्याआधी एकदा तुमच्या गाडीला माझं घर जोडून बघू या," ती म्हणाली. "चांगली गाडी ओढते म्हणजे काय, ते मला कळू दे."

रविवारी मी पांढरी बाहेर काढली. डावीकडच्या सीटवर लोर्नाची उशी होती, तिनंच विणलेल्या खोळीची. ग्लेनिस दार उघडून थांबली. मग तिनं ती उशी उचलली, मांडीवर घेतली आणि बसली. घाट संपेपर्यंत उशीवरचा हात तिनं हलवला नाही.

गाडी कुरकुरलीसुद्धा नाही.

फाटकापाशी आलो. आता घर मागे घेत आत घालायचं होतं. मी ग्लेनिसला सांगितलं, की लोर्ना नेहमी मागे उजव्या बाजूला उभी राहायची आणि ती आरशात दिसली नाही की मी थांबायचो. ग्लेनिस उतरून मागे गेली. पाऊस भुरभुरत होता. मी उजव्या आरशात पाहिलं. ओलं कुंपण, निलगिरीचं खोड... कुणी नाही. मी थांबलो.

"अरे मर्व, इकडे! डावीकडे!"

पहिल्यांदाच 'अरे' म्हणाली.

"तिकडे कशाला?" मी खिडकीतून ओरडलो.

ती चालत डाव्या खिडकीशी आली. टोपीवरून पाणी निथळत होतं. "उजवीकडे कोण उभं राहायचं ते तू सांगितलंस. ती जागा राहू दे. मला ही बाजू चालेल."

वायपर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला.

"ग्लेनिस... त्या करड्या गाडीत एक खोट आहे."

"कुठली? काल तर नव्हती."

"तिच्याबरोबर ड्रायव्हर मिळत नाही."

ती ओठ दाबून हसली. "आणि या पांढरीबरोबर?"

"मिळतो. जुना आहे. थंडीत लवकर चालू होत नाही."

"भरल्यावर कितपत ओढेल?"

"ब्रूमपर्यंत नक्की."

"आणि नातवंडाचं तोंड बघून झाल्यावर?"

"निम्मा देश बघायचा राहिलाय माझा."

सीटवरची उशी तिनं कोरड्या बाजूला सरकवली, पाऊस लागू नये म्हणून. "ही पण येणार," ती म्हणाली. "उरलेला निम्मा हिलाही बघू दे. चल, आता घर आत घे. मी उभी आहे."

ती मागे गेली. डाव्या आरशात मला फक्त लाल टोपीचा शेंडा दिसत होता. मी डाव्या सीटवर झुकून खिडकीतून हात लांब केला, आरसा थोडा खाली वळवला आणि परत स्टिअरिंगमागे बसलो. आता ती सबंध दिसत होती, आणि हात हलवून मला ये, ये म्हणत होती.