रांगेतला अकरावा रिपोर्ट

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ज्यांच्याबाबतीत हे घडलं ते माझे भाऊजी, ताईचे यजमान. थापा मारायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आणि तेवढी त्यांच्याकडे नाही.

मध्यरात्र, ओसाड बंगला, कुत्र्यांचं रडणं असलं काही हवं असेल तर दुसरी गोष्ट शोधा. हे घडलं एका मंगळवारी, भर दुपारी, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात.

मी तिथेच होते.

भाऊजी त्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतात. म्हणजे तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत बसून जगाला मूर्ख ठरवतात. सिस्टर मूर्ख, डॉक्टर मूर्ख, क्लार्क तर महामूर्ख. रोज जेवताना कोणी कोणता मूर्खपणा केला त्याची यादी ऐकवतात. ताई मान डोलावते. मी खाली ताटात बघते.

प्रिंटर हा त्यांचा लाडका विषय, त्यामुळे मलाही तो पाठ झालाय. आपण प्रिंट दिली की कागद थेट प्रिंटरकडे जात नाही. कॉम्प्युटरच्या आत स्पूलर म्हणून एक व्यवस्था गुपचूप चालू असते. ती सगळ्यांचे कागद आधी स्वतःकडे साठवते, त्यांची रांग लावते आणि एकेक करून प्रिंटरला देते. पुढचा एक अडकला की मागचे सगळे खोळंबतात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी रांग जागची हलत नाही.

मग भाऊजी स्पूलर थांबवतात, रांगेचं फोल्डर रिकामं करतात आणि स्पूलर परत चालू करतात. दोन मिनिटांचं काम. आत कोणाचे कागद होते ते बघायची तसदी घेत नाहीत.

"ज्याला गरज असेल तो पाठवेल पुन्हा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लॅबमध्ये एक बाई होत्या. पंचवीस वर्षं रक्त तपासत आलेल्या. रिपोर्टमध्ये काही वाईट दिसलं की त्या तो वॉर्डात पाठवायच्या आणि लगेच फोन करायच्या, मिळाला का? नाही म्हटलं की परत पाठवायच्या. मिळाला हे ऐकल्याशिवाय घरी जायच्या नाहीत. एकेका रिपोर्टच्या चार-चार प्रती रांगेत यायच्या आणि भाऊजींच्या कपाळावर आठ्या पडायच्या. त्यांनी बाईंचं नाव 'पुन्हाबाई' पाडलं, आणि तेवढ्यावर न थांबता लेखी तक्रार केली. वरून हुकूम निघाला. रिपोर्ट एकदाच पाठवायचा, फोन करायचा नाही. लॅबच्या स्क्रीनवर 'पाठवला' असं दिसलं की काम संपलं.

वॉर्डातल्या लोकांची सवय मात्र जुनीच राहिली. लॅबचा फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असंच ते धरून चालायचे.

वर्षभराने बाई आजारपणात गेल्या. त्यांचं कॉम्प्युटरवरचं खातं भाऊजींनी स्वतःच्या हाताने बंद केलं. त्या दिवशी जेवताना म्हणाले, चला, रांग मोकळी झाली.

माणूस कसा आहे ते कळलं असेलच तुम्हाला.

तर त्या मंगळवारी चार वाजता आईचं ऑपरेशन होतं. पित्ताशयातले खडे. सकाळीच तिचं रक्त घेतलं होतं. जावई तिथलेच, म्हणून आम्ही अगदी निर्धास्त.

अकराच्या सुमारास वॉर्डातला प्रिंटर अडकला. सिस्टरने खाली फोन केला. भाऊजींनी जागेवरूनच रांग उडवली. अकरा रिपोर्ट होते. लॅबला परत पाठवायला सांगा, म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

पावणेतीनला प्रिंटर परत अडकला.

भाऊजींनी रांग उघडली. एकच रिपोर्ट होता. एकच पान. आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात...

पुन्हाबाईंचं नाव.

भाऊजींना हसू आलं. लॅबमधला कोणीतरी दीडशहाणा चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी ती ओळ काढून टाकली. चहाचा एक घोट घेतला, परत बघितलं...

ओळ तिथेच होती.

तीनदा काढली. तीनदा आली. मग तणतणत वर आले. माझ्याकडे बघूनही न बघितल्यासारखं करून काउंटरवरच्या कॉम्प्युटरला बसले. स्पूलर थांबवला. फोल्डर रिकामं केलं. एवढ्यानेही समाधान होईना, म्हणून कॉम्प्युटरला जोडलेली प्रिंटरची वायर उपटून जमिनीवर टाकली. वर सिस्टरला सुनावलं की तुम्ही लोक बटणं बडवता आणि निस्तरावं आम्हाला लागतं.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला...

सिस्टर नवीन होती, दोन महिन्यांची. तिने फोन उचलला, ऐकलं आणि भाऊजींकडे वळली.

"सर, लॅबमधल्या बाई विचारतायत, मिळाला का म्हणून."

भाऊजींनी फोन हिसकावून घेतला. पलीकडे कोणी नव्हतं. त्यांनी लॅबला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, आम्ही दोघेच आहोत, बाई कोणी नाहीत.

आणि मग...

प्रिंटर घरघरला.

वायर जमिनीवर पडली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. स्पूलर बंद होता. तरी एक पान बाहेर आलं. अगदी सावकाश.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण आढ्यता सुटेल तर ना. प्रिंटरच्या मेमरीत राहिलेलं असेल काहीतरी जुनं, असं पुटपुटत त्यांनी पान चुरगाळलं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. वाचलंसुद्धा नाही.

आईला न्यायला ट्रॉली आली, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. पुढचं भाऊजींनी मला नंतर सांगितलं. ताई समोर नसताना.

फोन परत वाजला. या वेळी त्यांनीच उचलला. आवाज ओळखीचा होता. थकलेला, शांत.

"नुसता मिळून काय उपयोग? वाचा तो."

त्यांनी टोपलीत हात घातला. पान काउंटरवर ठेवून तळहाताने सरळ केलं.

त्यावर आईचं नाव होतं.

तिचं रक्त लवकर गोठत नव्हतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑपरेशन करू नये, असं खाली लिहिलं होतं. आमची ट्रॉली लिफ्टमध्ये शिरत होती तेव्हा भाऊजी धापा टाकत पोचले. ऑपरेशन थांबलं. टेबलावर घेतलं असतं तर रक्त आवरता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

लॅबमध्ये चौकशी केली. रिपोर्ट दहा पन्नासला गेला होता. नियमाप्रमाणे एकदाच. त्यानंतर कोणीही तो पाठवला नव्हता.

मी भाऊजींना विचारलं, मेमरीत जुनं काहीतरी होतं म्हणता, मग त्या दिवशीचा रिपोर्ट वर्षापूर्वी बंद केलेल्या खात्यावरून कसा आला? त्यांनी विषयच बदलला.

आईला औषधं दिली, महिन्याभराने ऑपरेशनही झालं. आता ती ठणठणीत आहे. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पण सकाळी उडवलेले रिपोर्ट अकरा होते. सिस्टरने आठवून आठवून नऊ परत मागवून घेतले होते. दहावा आईचा.

अकरावा त्याच संध्याकाळी त्या कॉम्प्युटरच्या रांगेत उगवला, आणि अजून तिथेच आहे.

एक पान. पाठवणाऱ्याचं नाव तेच. भाऊजींनी वॉर्डाला दुसरा कॉम्प्युटर दिला आणि हा आपल्या खोलीत आणून ठेवला. एवढा मोठा शहाणा माणूस, पण ती ओळ काढायची हिंमत नाही आणि छापायचीही नाही. मी म्हटलं, छापा ना, कोणाचा तरी असेल. ते जमिनीकडे बघत म्हणाले,

"कोणाचा आहे ते मला माहितीये."

माहीत मलाही होतं.

त्या दिवशी आईला परत वॉर्डात आणलं तेव्हा तिच्या शेजारची खाट रिकामी होती. त्या बाईंना बारा वाजता ऑपरेशनला नेलं होतं. त्या परत आल्याच नाहीत. असं होतं कधीकधी, रक्तस्राव आवरत नाही, असं त्यांच्या मुलीला कोणीतरी समजावत होतं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. भाऊजी मूग गिळून बसले. आणि त्यांना उठताबसता नावं ठेवणारी मी? ताईचा संसार आहे, त्यांची नोकरी आहे, असं म्हणून मीही गप्प बसले. मला त्यांची जितकी किळस येते, तितकीच आता स्वतःची येते.

त्या खोलीतला फोन रोज पावणेतीनला वाजतो... भाऊजी उचलत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी स्वतः तिथे गेले होते. स्पूलर चालू करायचा, एवढंच काम. बटणावर बोट ठेवलं आणि तसंच उचलून घेतलं.

आईला यातलं काही माहीत नाही. त्या सकाळी दोघींच्या खूप गप्पा झाल्या होत्या. ती अजून मला विचारते, "माझ्या शेजारच्या बाईंना सोडलं का गं घरी?"

मी हो म्हणते.