धनीबाईची झोप

१९६१च्या चैत्रात मी नागपूरची नोकरी सोडली आणि ढाणकीला दादाकडे राहायला आले. माझा थोरला भाऊ श्रीकृष्ण तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता. मी डॉक्टर नव्हे. माझं सगळं संशोधन श्वासावरचं. मेंदूच्या देठाशी, मानेच्या वरच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढा एक भाग असतो. आपलं लक्ष असो वा नसो, तो श्वास चालू ठेवतो. मांजरांवर प्रयोग करून त्यातली नेमकी जागा मी शोधली होती. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर नाव आमच्या प्रमुखांचं, विठ्ठलरावांचं होतं. माझे आभार शेवटी मानले होते, प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या खालोखाल.

ढाणकीत बाजाराच्या दिवशी मिरच्यांचा ठसका दवाखान्यापर्यंत यायचा. एरवी मी वहिनीबरोबर गहू निवडत बसायची आणि मनातल्या मनात विठ्ठलरावांशी भांडायची.

अशाच एका सकाळी फुलसिंग बायकोला बैलगाडीत घालून बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आला. धनीबाई पंचविशीची असेल. हिवाळ्यात तिचा ताप मेंदूत गेला होता. ताप उतरला, पण ती पूर्वीसारखी झाली नाही.

"झोपली का दम बंद होते," फुलसिंग म्हणाला. "रातभर हालवून राह्यलो तिले. मलेबी झोप नाई."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मांजरांच्या मेंदूत सुई घालून मी जे घडवत होते, ते इथे जित्या माणसात आपोआप घडलं होतं. मला तिची दया आलीच. पण आधी आनंद झाला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी नागपूरहून आणलेलं माझं यंत्र मांडलं. काजळी धरलेल्या कागदाचा एक ढोल सावकाश फिरतो, त्याला एक काडी टेकलेली असते. रोग्याच्या छातीला पट्टा बांधला की श्वासागणिक काडी वरखाली होते आणि काजळीत पांढरी रेघ उमटते.

दुपारी जेवून धनीबाई झोपली. रेघ सपाट झाली. तिला हलवायला मी खाटेजवळ जाऊन वाकले, तोच काडी पुन्हा चालू लागली. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. बराच वेळ रेघ सुरेख उमटत होती. मग मला तहान लागली. मी पाण्याचा घोट घेतला तशी काडी थांबली. घोट गिळला, काडी निघाली.

मी मुद्दाम श्वास रोखला. काडी थांबली.

मी उठून दारापाशी गेले. रेघ सपाट. घाईनं दादाला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. त्याला विडीचा खोकला होता. तो खोकला आणि काडीनं काजळीत झटके मारले. धनीबाई खोकली नव्हती.

"मशीन बिघडलं असेल," दादा म्हणाला. पण त्या खोलीत तो पुन्हा बसला नाही.

मी विठ्ठलरावांना तार केली. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि एकदा तरी माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

ते आले, घाम पुसत खाटेशेजारी बसले. धनीबाई झोपली. रेघ त्यांच्या श्वासाबरोबर चालू लागली.

"सर, आता श्वास रोखा."

त्यांनी रोखला.

काडी थांबली नाही. आधीपेक्षा खोल, संथ चालत राहिली. विठ्ठलरावांचे मिटलेले ओठ उघडले. त्यांची छाती हलत नव्हती. हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला, चेहरा काळवंडला.

मी धनीबाईला गदागदा हलवलं. ती उठेना. फुलसिंगनं तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं.

तिनं डोळे उघडले. विठ्ठलरावांनी मोठ्यानं हवा ओढली.

"उन्हाचा त्रास," थोड्या वेळानं ते म्हणाले. मग ढोलाकडे बघून उठले. "बाई व्यवस्थित श्वास घेते आहे. इतक्या लांब बोलावून तुम्ही स्वतःचंच हसं करून घेतलंत, रजनीबाई."

त्या दिवसापासून धनीबाई झोपेत नीट श्वास घेऊ लागली. जवळ कोणी असो वा नसो. दाखवण्यासारखं काही उरलं नाही. फुलसिंग तिला घरी घेऊन गेला.

भाद्रपदात बातमी आली. विठ्ठलराव जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या अंकात माझाच शोधनिबंध पुन्हा छापला होता, त्यांच्या फोटोखाली. या खेपेला आभारही गाळले होते.

दिवाळीनंतर मी तांड्यावर गेले. फुलसिंग दारात दोर वळत होता. अंगानं निम्मा झाला होता.

"आता झोपते का नीट?"

"झोपते ना. दुपारभर झोपते." त्याचे हात थांबले नाहीत. "पन तिच्याजवळ कोनी झोपत नाई, बाई. कोंबड्याबी बसत नाई."

आत धनीबाई गोधडीवर झोपली होती. गाल भरले होते. छाती संथ वरखाली होत होती. बघून परतायचंच होतं, पण सवय जात नाही. मी वाकून तिच्या नाकासमोर तळवा धरला.

हवा आत ओढली जात होती. मी तळवा तसाच धरून वाट बघत राहिले.

छाती खाली जात होती, पण बाहेर काहीच येत नव्हतं.