नऊवारीला फॉल

नऊवारीला फॉल लावायला आणणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. बन्सी.

गुलमंडीच्या बोळात मामाच्या पिको-फॉलच्या दुकानात मी मशीनवर बसायचे. रणरणती दुपार, पंखा नुसता कुरकुरतोय, आणि हा कोवळ्या मिशांचा पोरगा काउंटरवर हिरवंगार लुगडं टाकून म्हणतो, "फॉल लावायचाय."

"ह्याला?"

"मग काय शर्टाला?"

"अरे, काष्टा घालतात ह्याचा. फॉल कुठं लावू, तुझ्या डोक्याला?"

तो लाजला... मग हसला. "आईचं हाय. तिला न इचारताच आणलं. आत यायला कायतरी पाहिजे होतं ना—"

"आत कशाला यायचं होतं?"

"तू सुई दातात धरती... ते बाहेरून नीट दिसत नाय."

आता ह्यावर रागवायचं कसं? म्हटलं, टोक धर, घडी घालू. दोघांनी दोन टोकं धरून ताणायची, मग जवळ यायचं. दर घडीला अंतर कमी. शेवटच्या घडीला बोटाला बोट लागलं. लुगडं तिथंच विसरून गेला, मुद्दाम. परत यायला.

मग येतच राहिला. खुलताबादहून शहरात शिकायला आलेला, पोरांबरोबर खोली करून राहिलेला. तो बटन खातो हे मला फार उशिरा कळलं. बटन म्हणजे नशेच्या गोळ्या. कुठल्या टपरीवर मिळतात ते शाळेतल्या पोरांना ठाऊक, फक्त पकडणाऱ्यांना ठाऊक नाही. वा रे वा!

"तुझ्यासाठी सोडतो, सुगंधे," तो म्हणायचा. प्रेमानं पोरगा सुधारतो हे कुठल्या बथ्थडानं पोरींच्या डोक्यात भरवलंय कोण जाणे. मी डबे दिले, शपथा घातल्या, रडले. त्यानं सोडलं... पुन्हा धरलं... पुन्हा सोडलं. मी थकले. अठराव्या वर्षी म्हातारीसारखी थकले.

एक दिवस आला तो डोळे तांबारलेले, जीभ जड.

"आईचं लुगडं दे."

"इकायला?"

"नाय... आईनं मागितलंय."

"मग धर टोक. घडी मोडलीय."

त्यानं धरलं. मी ताणलं. टोक सुटलं. पुन्हा दिलं, पुन्हा सुटलं. हिरवं लुगडं फरशीवर पडलं आणि तो त्याच्याकडं बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"तुझं प्रेमच नाय माझ्यावर," तो म्हणाला.

"हाय. म्हणूनच देत नाय."

एवढ्या दिवसांत प्रेमाचं पहिल्यांदा बोलले, आणि तेही असं! तो गेला.

पुढच्या सुट्टीला लुगडं पिशवीत घालून मी खुलताबादची एसटी धरली. त्याची आई साळूबाई दारात शेळीला पाला घालत होती. लुगडं पाहताच तिनं छातीशी धरलं. "माझ्या लग्नातलं हाय, पोरी. हरवलं म्हनला मला."

मी सगळं सांगितलं. बटन, टपरी, सगळं. ती रडली नाही. खाली बसली. मग उठून लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

आतून बन्सी आला. सुट्टीला घरीच होता, सगळं ऐकलेलं. पाण्यानं थबथबलेलं तोंड, उतरलेला चेहरा. आम्ही दोघी घडी घालत होतो.

"सोड आई, मी धरतो."

"उद्या दवाखान्यात जातो," टोक धरून तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "तुझ्या—"

"माझं नाव घालू नको त्यात. माझ्यासाठी सोडशील, माझ्यावर चिडून परत खाशील."

"मग कुणासाठी?"

"हे हात तुझेच हायत ना? त्यांच्यासाठी."

त्यानं टोक मुठीत आवळलं. मी मुद्दाम जोरात ताणलं. टोक सुटलं नाही. घडीमागून घडी... शेवटी बोटाला बोट लागलं. बर्फासारखं गार.

"येशील परत?" त्यानं विचारलं.

"तू ये. गुलमंडीला. आणि येताना लुगडं आणू नको... नुसता ये."

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकलं आणि कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.