दोनवर थांबलेली मोजणी

नवी मुंबईतल्या सारसोळे गावात आमच्या घरी तळमजल्यावर थोरले दीर किसनदादा राहतात, मधल्या दोन मजल्यांवर भाडेकरू आणि गच्चीलगतच्या खोलीत मी. माझा नवरा मिथुन दीड वर्षापूर्वी पामबीच रोडवर बाइक घसरून गेला. मी रबाळ्याला एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल दुरुस्त करते. परतायला कधीकधी उशीर होतो.

गणपती झाल्यावर किसनदादांनी मला खाली बोलावलं.

"जिन्यान कॅमेरा लावाचा हाय. मिथुनचा तो लहान कॉम्प्युटर हाय ना तुझ्याकडं? त्याच्यावरच बसव रेकॉर्डिंग."

कशासाठी, ते बोलले नाहीत. ते जाऊबाईंनी सांगितलं. मी केव्हा येते, कोणाच्या गाडीवरून उतरते, यावर गावात बोलणं होतं. म्हणजे माझ्यावर नजर ठेवायचं यंत्र मीच तयार करायचं होतं. खोली दादांच्या नावावर आहे. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी तो लहान कॉम्प्युटर, म्हणजे नुसता एक उघडा बोर्ड, काढला. तळहाताएवढा, जुना, कडांना बुरा चढलेला. ब्रशने साफ केला. त्याला पडदा नव्हता, म्हणून तीन वायरींची केबल लावून लॅपटॉपला जोडला. आतली मेमरी पूर्ण पुसली, मिथुनचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. बोर्ड जागा करणारा छोटा प्रोग्राम नवा घातला आणि कोऱ्या कार्डावर लिनक्स उतरवून घेतलं.

असा बोर्ड चालू केला की तो तीनपासून उलटं मोजतो. तेवढ्यात कोणी लॅपटॉपवरचं बटण दाबलं तर थांबतो, नाहीतर शून्यावर आला की कार्डावरची सिस्टिम घ्यायला लागतो. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले.

तीन. दोन. थांबला.

पुन्हा चालू केला. पुन्हा दोनवर थांबला.

याला कारण असतं. तीनपैकी जी वायर मी दाबलेली बटणं बोर्डाकडे नेते, ती सैल असली तर आसपासची विजेची खरखर पकडते आणि बोर्डाला वाटतं, बटण दाबलं गेलं. पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. केबल बदलली. शेवटी ती वायरच काढून बाजूला ठेवली. आता जगातल्या कुठल्याच बटणाने तो थांबायला नको होता.

दोनवर थांबला.

मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. मिथुनला हे नको आहे, असं मनात आलं. तो माझ्या बाजूने उभा आहे. लग्नाच्या नऊ वर्षांत असं एकदाही वाटलं नव्हतं.

मग लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर रोमन अक्षरं उमटू लागली. एकेक, सावकाश, एका बोटाने टाइप केल्यासारखी.

कुठे होतीस.

मिथुन रोज हेच विचारायचा. पायातली चप्पल निघायच्या आत, दार अडवून. लोक म्हणायचे, किती काळजी करतो बायकोची. मी कंपनीत म्हणायचे. तो माझी पर्स उघडायचा, फोन बघायचा आणि मग बाजूला व्हायचा.

मेमरी मी स्वतः पुसली होती.

माझी बोटं सवयीने कीबोर्डवर गेली. कंपनीत, असं टाइप केलं. वायर नसताना ती अक्षरं बोर्डापर्यंत पोचू शकत नाहीत. पण बोर्डाने ती परत उमटवून दाखवली.

मग मोजणी पुढे सरकली.

एक. शून्य.

सिस्टिम विनातक्रार बसली.

कॅमेरा दादांनी स्वतः जिन्यात ठोकला, रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाइलवर दिसायचं. आठवड्याभरात त्यांची कुरकुर सुरू झाली. भाडेकरू दिवसभर वरखाली करतात, त्यांची पोरं पायऱ्यांवर खेळतात, पण रेकॉर्डिंगमध्ये त्यांतलं कोणीच नाही. मी एकटीच चढते, मी एकटीच उतरते. मी वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं.

काल दादा वर आले. आत न येता त्यांनी माझ्यापुढे मोबाइल धरला, स्वतः मात्र गच्चीकडे बघत राहिले.

"ह्यो दुसरा कॅमेरा कुठं लावलास, सुचिता?"

घरात दुसरा कॅमेरा नाही. मोबाइलवर मी होते, रविवारी दुपारी पलंगावर झोपलेली. शेजारच्या उशीवर डोकं ठेवून कोणी बघत राहावं, तितक्या जवळून.