मायगंध
समुद्र वर चढत गेला तशी किनाऱ्यावरची गावं उठून घाटमाथ्यावर गेली. भिरवाड बेट मात्र जागचं हललं नाही. सरकारच्या बोटी तीनदा आल्या, तीनदा रिकाम्या परतल्या. बेटकरी चौथरे उंच करून राहत आणि वर तोंडभर हसत.

आज मंजुळाकाकींच्या नातीचं बारसं होतं, त्यामुळे काकींचे पाय जमिनीवर नव्हते. लेक केशर जन्मली रत्नागिरीला, अशक्त म्हणून वाढलीही तिकडेच, मामाकडे. तान्ह्या लेकीला घेऊन बारशाला आली होती, उद्याच्या बोटीने जाणार होती. तेवढाच एक काटा काकींच्या मनात सलत होता.

काकी अंगणातल्या दर्याजाईच्या झुडपापाशी गेल्या. जगात हे झुडूप फक्त इथेच फुलतं. केसांतलं कालचं फूल त्यांनी एका ताज्या फुलाला टेकवलं आणि शेजारचं खुडलं. बेटावरच्या बायका रोज हेच करतात.

“काकी, हिचा भुंगा कधीच नामशेष झाला,” झुडपाचा अभ्यास करायला बेटावर आलेली वनस्पतिशास्त्रज्ञ ऋता बर्वे म्हणाली. “परागकण आता तुम्हीच पोचवता. आणि त्यासाठी झाडाने तुम्हाला बांधून ठेवलंय.”

“माका? झाडान?”

“तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास आला की आईला ते खाली ठेववत नाही ना? तसाच रेणू या फुलात आहे. मी त्याला मायगंध म्हणते. एकदा फूल माळलं की बेट सोडवत नाही.”

काकी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “मगे बरा झाला गो बाय! झाड आमका किती जपता!”

“दहा वर्षांत हे घर पाण्याखाली जाईल, काकी. केशरने अजून फूल माळलेलं नाही. तिला जाऊ द्या.”

काकींचं हसू थांबलं. पहिलं फूल आजीने माळायचं, तेही बारशाला, असा बेटाचा रिवाज. केशरचं राहूनच गेलं होतं. “तिका नाय माळूचंय,” त्या म्हणाल्या, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाल्या.

पाळणा म्हणून झाला. नातीचं नाव ठेवलं रेवती. बायकांनी घुगऱ्या वाटल्या, गलका केला. केशर लाजत पुढे आली, रेवतीला मांडीवर घेऊन मान वाकवून बसली. “आई, माझं राहिलेलं फूल?”

काकींनी ऋताकडे पाहिलं. मग हात आपसूक वर गेला. फूल केशरच्या केसांत बसलं, एक पाकळी रेवतीच्या नाकाला लागली.

केशरने खोल श्वास घेतला आणि खुदकन हसली. “आई, उद्याची बोट जाऊ दे.”

काकींना एवढा आनंद उभ्या जन्मात झाला नव्हता. भरतीचं पाणी ओटीवर आलं, तेव्हा त्यांनी गाणं गुणगुणत पाळण्याची दोरी हातभर वर बांधली.