शिवकुमारची हर्रासी

आता हे सांगितलं तर अख्ख्या परभणीत एक माणूस विश्वास ठेवणार नाही, पण ऐका.

धान्याच्या मोंढ्यात सोयाबीनची हर्रासी, म्हणजे लिलाव, पुकारणाऱ्या शिवकुमारचा आवाज एवढा दणदणीत, की त्यानं इथं ‘एक वार’ म्हटलं की तिकडं पेडगावचे बैल कान टवकारायचे. आणि एका सकाळी तो आवाज गेला, तो गेलाच. घसा चांगला, तपासण्या चांगल्या. गळ्यातून मात्र नुसती कुजबुज. घरचे म्हणाले, “सोंग करायलाय.”

दवाखान्यातल्या सुकेशनी मॅडम म्हणाल्या, “सोंग नाही हे. नसा शाबूत आहेत, मेंदूचा निरोप वाटेत हरवतो. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. दर गुरुवारी इथं अशाच पेशंटांचा गट भरतो, त्यात या.”

पहिल्याच गुरुवारी दारात एक पोरगी पाठमोरी येऊन त्याच्यावर आदळली.

“अहो, हॉर्न तरी वाजवायचा!”

ही जिंतूरची रुद्राणी. पुढं चालायला गेली की तिचे पाय जमिनीला चिकटायचे. उलटी मात्र झपाझप चालायची.

“हॉर्नच बिघडलाय…” तो कुजबुजला.

“लय बरं झालं. भांडणात मीच जिंकणार मग!”

गटात सात जण. मनातली भीती वहीत लिहायची, मग ती खरी की खोटी ते करून बघायचं. हे दोघं बसायचे शेजारी-शेजारी. आणि निघताना रुद्राणी उलट्या पावलांनी जायची, त्यामुळं फाटक येईस्तोवर तिचं तोंड त्याच्याकडंच… असा निरोप कुणाच्या नशिबी असतो?

आठवा गुरुवार शेवटचा. उद्यापासून ती जिंतुरात, हा मोंढ्यात; भेटायला निमित्तच उरणार नव्हतं. शिवकुमारच्या वहीत भीती लिहिलेली होती, ‘महत्त्वाचं बोलायला गेलो की आवाज जातो.’ खाली मॅडमचं अक्षर होतं, ‘प्रयोग करा. आजच.’

रुद्राणी उलटी चालत निघाली. त्यानं तोंड उघडलं… नुसती हवा. पुन्हा उघडलं… हवाच. ती फाटकापाशी पोचलीसुद्धा. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, बोलायचंच कशाला? पुकारू या की!

“एक नग शिवकुमार! वजन अठ्ठावन्न किलो! ओलावा कमी, काडीकचरा न्हाई! लावा बोली… एक वार! दोन वार!”

असा आवाज फुटला म्हणता! स्टेशनातली रेल्वे सुटायची थांबली, जिंतूरची एसटी अर्ध्या वाटेतून माघारी वळली, विद्यापीठाच्या रानातली ज्वारी टाचा उंचावून—

“खोटं!” इतका वेळ ऐकत बसलेली रुद्राणीच ओरडली. “एसटी-बिस्टी काय वळली न्हाई, काका! आवाज फुटला एवढासा… चिमणीचा. मला धड ऐकूच येईना. म्हणून तर जवळ जावं लागलं. सरळ! सहा पावलं, दोनदा अडखळून… आन् त्यानं ‘तीन वार’ म्हणायच्या आत त्याच्या तोंडावर हात ठेवला मी. बोली माझीच!”